पहिल्या गियरमध्ये मागे

कोंडीरामने पहिला गियर टाकला, क्लच हळूहळू सोडला, आणि डॉक्टरांची गाडी मागे गेली. समोर गॅरेजचा उघडा दरवाजा होता, दरवाजात पाच-सहा माणसं उभी होती, त्यांच्या पलीकडे डिलाईल रोडवरचं फेब्रुवारीचं ऊन होतं, आणि हे सगळं जवळ यायचं सोडून लांब जायला लागलं. क्षणभर त्याला वाटलं, माणसंच मागे सरकताहेत, गाडीला वाट देताहेत. मग पाठीत दणका बसला. जळक्या तेलाचं पिंप कलंडलं, इंजिनाने आचका दिला, आणि गॅरेजमध्ये इतकी शांतता झाली की सांडणाऱ्या तेलाचा आवाज ऐकू यायला लागला. त्याने गियरच्या दांड्याकडे बघितलं. दांडा पहिल्यातच होता. त्याने तो हलवून बघितला, पुन्हा पहिल्यात आणला. जणू गियरच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल. मग दरवाजातून कोणीतरी हसलं. पहिला शिवा हसला, त्याच्या हाताखालचा दुसरा मिस्त्री, आणि मग प्रचारासाठी गाडी न्यायला आलेली समितीची तिन्ही पोरं हसली. गाडीचे मालक डॉक्टर शरच्चंद्र तेवढे हसले नाहीत. ते गिरगावचे, चष्म्याच्या काचा पुसत राहिले. आणि गॅरेजचा मालक दत्ताराम हातात न फोडलेला नारळ धरून उभा होता.

"बघितलंस?" दत्ताराम म्हणाला. मोठ्याने नव्हे. पण शांतता अशी होती की ते रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं असतं.

कोंडीराम उतरला नाही. स्टिअरिंग धरून तसाच बसला. अठ्ठावीस सालची गाडी, डॉक्टरांच्या वडिलांनी घेतलेली, वर कापडी टप, आत फाटलेलं कातडं, आणि टपाच्या लोखंडी कांबीला सकाळीच बांधलेला लाउडस्पीकर. निवडणूक तोंडावर आली होती, उद्या सकाळी ही गाडी लालबागपासून परळपर्यंत संथ चालीने जायची होती आणि तिच्यातून संयुक्त महाराष्ट्राचा आवाज घुमायचा होता. मागचा अ‍ॅक्सल तुटून ती चार महिने आडोशाला पडली होती. असल्या गाडीचा सुटा भाग मुंबईत कुठे मिळायचा? सगळ्यांनी हात टेकले, तेव्हा कोंडीराम म्हणाला होता, मी बसवतो दुसरा. कुठला बसवणार, असं विचारलं तर म्हणाला, जो मिळेल तो. बोलून गेला खरा. पण बोललेलं करून दाखवायची खोड त्याला लहानपणापासून होती आणि या खोडीपायी त्याने मारही बराच खाल्ला होता.

रे रोडला लढाईत उरलेल्या लष्करी मालाचा ढीग असायचा. तिथे त्याला एका लहान लष्करी गाडीचा मागचा अ‍ॅक्सल सापडला. गंजलेला, पण आत दात नवेकोरे. बोट फिरवलं आणि त्याला हसू आलं. अशी वस्तू या ढिगात पडून राहावी म्हणजे कमाल. हातगाडीवर घालून तो स्वतः बरोबर चालत आला, उन्हातान्हात, एखादा पाहुणा आणावा तसा. मग तीन आठवडे तो त्या गाडीखालीच राहत होता म्हटलं तरी चालेल. जुन्या गाडीत इंजिनाचा जोर मागे नेणारा शाफ्ट लोखंडी नळीत बंद होता आणि चाकांचा सगळा रेटा ती नळी सोसायची. नव्यात शाफ्ट उघडा, तेव्हा रेटा स्प्रिंगच्या पाट्यांवर घ्यायला हवा. त्याने पाट्यांच्या बैठका नव्याने घडवल्या, शाफ्ट कापून जोडला, पुन्हा कापला, पुन्हा जोडला. एकच गोष्ट काही केल्या जमेना. नव्या अ‍ॅक्सलचा मधला गोळा, दातेरी चाकांचा, ज्यात शाफ्ट शिरतो तो, मध्यावर नव्हता, उजवीकडे होता, आणि उजवीकडून ब्रेकची सळी जात होती. शाफ्ट तिला घासणार हे उघड होतं. दोन दिवस तो नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी जेवताना, भाकरीचा तुकडा हातात असताना, त्याला सुचलं: अ‍ॅक्सल पालथा घालायचा! वरचं खाली, खालचं वर. गोळा आपोआप डावीकडे. तो अर्ध्या जेवणावरून उठला होता.

आणि आता स्टिअरिंगवर बसून त्याला दिसत होतं की तो आनंदच त्याला भोवला. राग नव्हे, घाई नव्हे, आनंद. पालथा घातला की गोळा डावीकडे जातो, आणि आतलं मोठं दातेरी चाकही शाफ्टच्या या बाजूचं त्या बाजूला जातं, म्हणजे रस्त्यावरची चाकं उलटी फिरतात. हे काय त्याला माहीत नव्हतं? शिकाऊ पोरालाही पहिल्या वर्षी कळतं. अ‍ॅक्सलने तर ओरडून सांगितलं होतं: तेल भरायचं भोक खाली आलं होतं. कुठल्या शहाण्या माणसाने तेल भरायचं भोक खाली ठेवलं असेल? त्याने ते भोक बुजवलं आणि वर दुसरं पाडलं, आणि वर डॉक्टरांना बोलावून ते भोक दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "वा! कोंडीराम, तुम्ही खरे सर्जन आहात." तो शब्द त्याने घरी जाऊन बायकोला सांगितला होता. आता त्याला तो आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

पण ही अर्धीच चूक होती. उरलेली अर्धी त्याला अजून नीट दिसत नव्हती, नुसती जवळपास कुठेतरी वावरत होती, आणि बाहेर लोक बोलायला लागले होते. "देवाचं करायचं टाळलं की असंच होतं," कोणीतरी म्हणालं. "नाही म्हणाला ना नारळाला? घ्या आता." शिवा म्हणाला, "सकाळीच माझा डोळा फडफडत होता, बोललो पण होतो मी, शेठ, आज काय तरी लफडं होणार."

दत्तारामच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो त्याच्या बापापासून चालत आला होता. मोठं काम झालेल्या गाडीचं चाक नारळाआधी फिरवायचं नाही. इंजिन हवं तेवढं चालवा, दिवे लावा, भोंगा वाजवा, पण चाक नाही. आधी बॉनेटसमोर नारळ फुटायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि मग मिस्त्रीने गाडी बाहेर काढायची. कोंडीराम अठरा वर्षं गाड्या बाहेर काढत आला होता. लिंबू चिरडल्याचा तो बारीक आवाज त्याच्या तळपायाला ओळखीचा होता. नारळ मात्र दुसऱ्याने फोडायचा. का, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. खिळ्याला त्याचा पत्र्याचा मग वेगळा टांगलेला असायचा, तेवढ्यात सगळं सांगून झालेलं होतं. गाडी झकास चालली की दत्ताराम म्हणायचा, गणपतीची कृपा. बिघडली की गिऱ्हाईक म्हणायचं, हात कोणाचा लागला होता? मग गेल्या वर्षीचा जानेवारी आला. गोळीबार सुरू झाला तेव्हा दोघं मोर्चात शेजारी शेजारी होते. दत्तारामने त्याची कॉलर धरून त्याला एका पिंपाच्या आड ओढलं आणि दोघं तिथे पालथे पडून राहिले, तोंडाला तोंड लावून, एकमेकांचा श्वास घेत. त्यानंतर तो पत्र्याचा मग खिळ्यावरून गेला. कोणी काढला, कधी काढला, यावर कधी बोलणं झालं नाही. आणि पुढच्या मोठ्या कामाच्या वेळी दत्तारामने नारळ त्याच्या हातात दिला. "फोड," एवढंच म्हणाला. कोंडीरामने फोडला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं आणि त्याला रडू येईल असं वाटलं होतं.

म्हणूनच आज सकाळी 'नाही' म्हणताना जीभ जड झाली होती. नको त्याला नको म्हणणं सोपं असतं. इथे तर ज्याची अठरा वर्षं वाट बघितली त्यालाच नको म्हणायचं होतं. डिसेंबरात दादरच्या समुद्राकाठी, बाबासाहेबांच्या चितेसमोर, त्या अफाट गर्दीत त्याने बौद्ध दीक्षेचे शब्द म्हटले होते. मी मानणार नाही, मी पूजा करणार नाही. शेजारच्या म्हातारीला शब्द ऐकू येत नव्हते म्हणून त्याने ते तिच्या कानात पुन्हा म्हटले होते, म्हणजे त्याने ते दोनदा म्हटले होते. वरळीला बीडीडी चाळीत परतल्यावर बायकोने, कौसल्याने, कोनाड्यातले देव पदरात घेतले आणि दोघं जाऊन ते समुद्रात सोडून आली. रिकाम्या कोनाड्यात आठ दिवस काहीच ठेवलं नाही. नवव्या दिवशी कौसल्याने तिथे काड्यापेटी ठेवली आणि म्हणाली, "आता हात बरोबर जाईल अंधारात." त्याला तिचं फार कौतुक वाटलं होतं. मग इथे, मुहूर्ताच्या वेळी, दत्ताराम नारळ पुढे करून उभा राहिला तेव्हा तो म्हणाला, "शेठ, मी नाही फोडणार. आणि लिंबू पण नको. मी केलेलं काम आहे, ते चालेल." समितीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दत्तारामचा चेहरा पडला. रागावण्याआधी माणसाला लागतं, तसं त्याला लागलं होतं, आणि ते कोंडीरामने बघितलं होतं.

"कोंडीराम." दत्ताराम गाडीपाशी आला होता. त्याने दारावर कोपर टेकलं आणि आवाज अगदी खाली आणला. म्हातारा झाला होता, पण डोळा तयार होता. येताना वाकून त्याने गाडीखाली एकदा बघितलं होतं आणि त्याला सगळं कळलं होतं. "पालथो घातलंस."

"हो."

"त्यांका कळूक नाय. कळाचा पण नाय. ऐक माझा. आता उतर, नारळ फोड, दोन शब्द बोल. लोक म्हणतील, देव कोपलो होतो. मग दरवाजो लावून घे आणि संध्याकाळपर्यंत सुलटो कर. उद्या गाडी चालली काय झाला. तुझा नाव ऱ्हवला."

"आणि नाही फोडला तर?"

"तर मिस्त्रीन चूक केली असा होतला. डॉक्टरांच्या गाडीची. समितीच्या कामात. मग माका ह्या लोकांसमोर काय तरी करूक लागात. अरे, मी तुका वाचवतंय रे."

आणि ते खरंच होतं. कोंडीरामने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि पिंपाआडची ती जानेवारीतली नजर तिथे होती. त्याला एकदम थकवा आला. केवढं सोपं होतं! एक नारळ. अठरा वर्षं चांगलं काम देवाचं आणि वाईट काम आपलं असं चाललं होतं, आणि आज पहिल्यांदाच वाईट काम देवाच्या माथी जात होतं. बढतीच म्हणायची ही. कोणी 'हात कोणाचा' विचारणार नव्हतं. शिवा त्याच्याकडे आदराने बघत राहिला असता, डॉक्टर सर्जन म्हणत राहिले असते. घरी गेल्यावर कौसल्याने विचारलं असतं, झालं का काम, आणि तो म्हणाला असता, झालं. ती काड्यापेटीकडे हात नेऊन दिवा लावत असती. तिला खोटं सांगायला काहीच लागलं नसतं, कारण त्यात खोटं काय होतं, काम झालंच असतं. पण मग ते तीन आठवडे कोणाचे? ते दोन दिवस नुसतं बघत बसणं, ती भाकरी, तो आनंद? अ‍ॅक्सल पालथा घालायची कल्पना चुकीची होती, पण ती त्याच्या डोक्यात आली होती. जगातल्या दुसऱ्या कोणाच्याही डोक्यात ती त्या दुपारी आली नव्हती. आणि आता ती एका अशाकडे सोपवायची, की ज्याला पाना कसा धरतात तेही ठाऊक नाही? त्याच्या अंगातून एक संताप वर आला, इतका स्वच्छ की त्याला बरं वाटलं. माझी आहे ती. बरी असो, वाईट असो, माझी आहे. आयुष्यात माझं म्हणावं असं फार थोडं मिळालं, त्यातली चूक तरी मी कोणाला देणार नाही.

"शिवा," त्याने हाक मारली, "हँडल मार."

शिवाने दत्तारामकडे बघितलं. दत्ताराम दारावरचं कोपर काढून बाजूला झाला. शिवाने हँडल मारलं, इंजिन धडधडलं. कोंडीराम उभा राहिला, गाडीतल्या गाडीत, डोकं टपाला लागेपर्यंत, आणि मोठ्याने म्हणाला, "बाजूला व्हा सगळे. आता मी रिव्हर्स टाकतोय. नीट बघा." त्याने रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला. गाडी पुढे निघाली. माणसं दोन्ही बाजूंना फाकली, दरवाजाची सावली बॉनेटवरून घसरत गेली, आणि डॉक्टरांची गाडी रिव्हर्स गियरमध्ये, तोंड पुढे करून, डिलाईल रोडवर उन्हात आली. तिथे त्याने ती थांबवली. पहिला टाकला, गाडी मागे आली. रिव्हर्स टाकला, पुढे गेली. तीनदा त्याने हे केलं. चहावाला किटली घेऊन बाहेर आला. वरच्या गॅलऱ्यांतून बायका वाकल्या.

"बघितलंत?" कोंडीराम ओरडला. "देव कोपला असता तर दोन्हीकडे कोपला असता. हे कोपणं नाही. अ‍ॅक्सल पालथा बसलाय. मी बसवलाय. आता या गाडीला मागे जायचे तीन गियर आहेत आणि पुढे जायचा एक."

"मग ही द्वैभाषिक सरकारला देऊन टाका!" समितीतलं एक पोरगं ओरडलं, आणि सगळा रस्ता हसला. डॉक्टरसुद्धा हसले. कोंडीरामही हसला, आणि हसता हसता ती उरलेली अर्धी चूक त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याचं हसू तिथेच विरलं.

घोडीवर घेऊन चाकं हवेत फिरवून बघितली असती तर हे काल कळलं असतं. पाच मिनिटांचं काम. का नाही बघितलं? कोणी अडवलं नव्हतं. काल संध्याकाळी गाडी घोडीवरच होती, इंजिन चालू होतं, गियरवर हात होता, आणि त्याने तो हात काढून घेतला होता. का, तर अजून नारळ फुटायचा होता. रात्रभर तो नारळ फोडणार नाही असं मनाशी घोकत होता, आणि हात मात्र नारळाची वाट बघत थांबला होता. देव समुद्रात सोडले, त्यांचा नियम मनगटात राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी, पहिल्या चुकीपेक्षा कितीतरी जास्त. ही गिळून टाकता आली असती. ही तर कोणी विचारतही नव्हतं.

तो उतरला. "आणखी एक ऐका," तो म्हणाला. आवाज आता रस्त्यावरचा नव्हता, गॅरेजपुरता होता. "मी काल चाक फिरवून बघितलं नाही. नारळाआधी चाक फिरवायचं नाही म्हणून. नारळ सोडला म्हणून छाती काढून उभा होतो, पण ही सवय सोडली नव्हती. खरी चूक ती. यापुढे मी केलेल्या कामात आधी चाक फिरेल, घोडीवर. मग ज्याला जे फोडायचं ते फोडा."

दत्ताराम पांढरा पडला. अ‍ॅक्सलची चूक त्याने सोसली असती. पण हे त्याच्या बापाच्या नियमावर आलं होतं, आणि सगळ्यांसमोर. त्याने नारळाची शेंडी पिळली. "गॅरेज माझा हा," तो म्हणाला. "माझ्या गॅरेजात नियम माझो. आजपासून मिस्त्री शिवा. तू शिवाच्या हाताखाली काम कर. नाय तर जा."

डॉक्टर पुढे झाले. "दत्ताराम, अहो, माणसाने चूक कबूल केली आहे—"

"कबूल केल्यान म्हणानच," दत्ताराम म्हणाला, आणि पाठ फिरवून आत गेला.

जावंसं वाटलं. कोंडीरामचे पाय दोन पावलं रस्त्याकडे गेलेही. पण गाडी तिथे उभी होती, तोंड पुढे आणि मन मागे करून, आणि तिला अशी सोडून जाणं म्हणजे चूक माझी आहे असं म्हणून ती दुसऱ्याला उपसायला लावणं. तो वळला. शिवा खजील होऊन उभा होता, त्याला हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. "काय करू मी, कोंडीराम?" तो पुटपुटला. "मला काय ते मिस्त्री नको होतं, आईशप्पथ." कोंडीराम म्हणाला, "सळी वाकवायला घे. शाफ्टला अर्धा इंच जागा पाहिजे. दोन दिवस मी जे टाळलं ते अर्ध्या तासाचं काम आहे." मग तो गाडीखाली गेला. बैठका कापल्या, अ‍ॅक्सल सुलटा केला, बैठका पुन्हा जोडल्या, बुजवलेलं भोक उघडलं आणि आपण पाडलेलं भोक बुजवलं. सर्जन! भोक बुजवताना त्याला पुन्हा हसू आलं, या वेळी कान तापले नाहीत. छाती दुखत होती, मिस्त्रीपण गेलं होतं, उद्या चाळीत तोंड दाखवायचं होतं, आणि तरी आत कुठेतरी त्याला एक धट्टाकट्टा आनंद होत होता, जो तो कोणाला समजावून सांगू शकला नसता. शिवाने सळी तीनदा वाकवली आणि तिसऱ्यांदा बरोबर वाकवली.

उन्हं उतरली तेव्हा शेवटचा बोल्ट आवळून झाला. डॉक्टर आणि समितीची पोरं परत आली होती. दत्ताराम अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बाहेर आला. नारळ त्याने शिवाच्या हातात दिला, सगळ्यांना दिसेल असा. नवा मिस्त्री, पहिला मुहूर्त. शिवाने तो घेतला. कोंडीराम बाजूला, चिंधीला हात पुसत उभा होता, आणि त्याला ठाऊक होतं की आता लिंबू येईल, आता गाडी घोडीवरून खाली उतरवतील. या घटकेला त्याला फार एकटं वाटलं. शिवाचा काय दोष, त्याने मनाशी म्हटलं. शिवाचा डोळा सकाळी खरंच फडफडला होता.

शिवाने नारळाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. गाडी अजून घोडीवर होती, मागची चाकं जमिनीपासून वीतभर उंच.

"शेठ, थांबा जरा," तो म्हणाला. "खाली नको घेऊ कोणी. आधी चाक फिरवून बघू या." त्याने नारळ पिंपावर ठेवून दिला आणि दत्तारामकडे न बघता गाडीत चढून बसला. गियरवर हात ठेवला. "कोंडीराम, हँडल मारतोस?"

कोंडीराम पुढे झाला, वाकला, आणि त्याने हँडल मारलं.